रोट भाऊबंदांचा, नळ गावाचा: एका फॉरवर्डला उत्तर

आमच्या भाऊबंदांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. काढला तो कानबाईसाठी, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवीसाठी. यंदा कानबाई कोणाच्या घरी बसणार, रोटांचे, म्हणजे तिच्या प्रसादाचे, गहू कोण दळणार, सुरतेला गेलेली पोरे शनिवारी येणार की रविवारी, एवढेच त्यावर बोलायचे ठरले होते. ठरलेले दोन आठवडे टिकले. मग सुविचार आले, मग पुढाऱ्यांचे वाढदिवस, आणि गेल्या महिन्यात एक हातभर लांब मजकूर आला. शेवटी लाल अक्षरांत लिहिले होते, ‘जागे व्हा आणि दहा जणांना पाठवा’. पाठवणारा माझा पुतण्या. पोरगा गुणी आहे, तालुक्याच्या गावी दाखले काढून देण्याचे सेवा केंद्र चालवतो. मजकुराखाली त्याने माझ्यासाठी एक ओळ टाकली होती: "आबा, तुम्ही महसूलमा व्हतात ना. हाई खरं शे का?"

मी अमळनेर तालुक्यातला. नोकरी मात्र तापीच्या पलीकडे, यावल-रावेरकडे झाली. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. वकील नाही, पण कलम म्हटले की पुस्तक उघडून बघायची खोड नोकरीने लावली, ती गेली नाही.

हा मजकूर थोड्याफार फरकाने तुमच्याकडेही आला असेल. त्याचे म्हणणे असे: ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द मूळ घटनेत नव्हताच, तो आणीबाणीत घुसडला. बाबासाहेबांनी तो साफ नाकारला होता. त्याचा खरा अर्थ निधर्मी. कलम ३० मुळे मदरशात कुराण शिकवता येते, पण कलम ३०-ए मुळे शाळेत गीता शिकवायला बंदी आहे. सरकार देवळांचा पैसा घेते आणि हजला अनुदान देते. आणि मुळात ही कल्पनाच परदेशी, आपला समाज जात्याच सहिष्णू, त्याला ती शिकवायची गरज नाही.

याच क्रमाने जातो. पण सगळ्या मुद्द्यांना सारखा वेळ देणार नाही. काहींत दम आहे, काहींत नुसती शाई.

‘आणीबाणीत घुसडला’

हे अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे आधी कबूल करू. ४२वी घटनादुरुस्ती १९७६ ची. विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि अशा वेळी उद्देशिकेत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द चढवले. ३ जानेवारी १९७७ पासून ते लागू झाले. घटनेच्या पहिल्या पानाला हात लावायची ती वेळ नव्हती.

आता पुढचे अर्धे महसुली भाषेत सांगतो. बाप वारतो. पोरे जमीन कसत राहतात, वारसाची नोंद करायला कोणी फिरकत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी कोणीतरी भानावर येतो आणि फेरफार, म्हणजे नोंदीतला बदल, पडतो. तेवढ्यावरून एखादा म्हणाला की जमीन यांची नव्हतीच, नाव मागाहून घुसडले, तर तलाठी काय करेल? जुने पीकपाणी काढेल, वहिवाट कोणाची ते बघेल. उद्देशिकेतला फेरफार १९७६ चा आहे. वहिवाट १९५० ची आहे.

वहिवाटीचे पुरावे घटनेतच पडले आहेत. धर्मावरून राज्याने भेद करायचा नाही (कलम १५). सरकारी नोकरीतही नाही (कलम १६). कोणताही धर्म मानायला, पाळायला, सांगायला मोकळीक (कलम २५). एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर भरायची सक्ती नाही (कलम २७). हे सगळे पहिल्या दिवसापासून आहे. इतकेच काय, इंग्रजी पाठाच्या कलम २५ मध्ये ‘सेक्युलर’ हा शब्दसुद्धा पहिल्या दिवसापासून आहे: धर्माचरणाला चिकटलेल्या आर्थिक, राजकीय किंवा इतर सेक्युलर व्यवहारांचे नियमन राज्याला करता येईल, अशा अर्थाच्या वाक्यात. ‘मूळ घटनेत शब्दच नव्हता’ असे लिहिणाऱ्याने मूळ घटना उघडली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कलम ३२५ जवळ जरा थांबू, कारण त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. प्रत्येक मतदारसंघाची मतदार यादी एकच असेल, आणि केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग यावरून कोणाला तीतून वगळता येणार नाही, असे ते सांगते. यात काय विशेष, असे आज वाटेल. पण इंग्रजांनी १९०९ साली मुसलमानांसाठी विभक्त मतदारसंघ काढले होते, मत देताना माणूस कोणत्या धर्माचा हे बघितले जात होते. घटना समितीने १९४७ मध्ये ते मोडीत काढले आणि १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागाही सोडल्या. ‘धर्मनिरपेक्षता म्हणजे मुसलमानांचे लाड’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की या देशातला पहिला मोठा धर्मनिरपेक्ष निर्णय म्हणजे धर्मावर वाटलेले मत बंद करणे.

आणि १७ ऑक्टोबर १९४९. त्या दिवशी घटना समितीत उद्देशिकेवर चर्चा होती. ह. वि. कामत यांनी सुचवले की सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी करावी. विरोध करणाऱ्यांत भाविक माणसे होती. त्यांचे म्हणणे असे की श्रद्धा ज्याची त्याची, समूहाचे मत तिथे कोणावर लादू नये. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद, ज्यांना कोणी नास्तिक म्हणणार नाही. मतदान झाले: बाजूने ४१, विरोधात ६८. सूचना पडली. त्याच घटनेत मंत्र्याला शपथ घेताना दोन वाटा ठेवल्या, ईश्वरसाक्ष शपथ घ्या किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करा. देव काढला नाही, लादलाही नाही. हे आणीबाणीच्या २६ वर्षे आधीचे.

पुढचे भराभर सांगतो. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला, तेव्हाच सरन्यायाधीश सिक्री यांनी घटनेचे धर्मनिरपेक्ष स्वरूप तिच्या मूलभूत चौकटीत, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या भागात, मोजले होते. १९७७ साली जनता पक्षाचे सरकार आले, त्यात वाजपेयी आणि अडवाणी मंत्री होते. त्या सरकारने १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने आणीबाणीतली पुष्कळ घाण धुऊन काढली, पण हा शब्द तसाच ठेवला. १९८९ पासून लोकप्रतिनिधित्व कायद्यात तरतूद आहे की नोंदणी हवी असेल तर प्रत्येक पक्षाने समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा लिहून द्यायची. म्हणजे तुमचा-माझा, आवडता-नावडता, प्रत्येक नोंदणीकृत पक्ष हे कागदावर लिहून बसला आहे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे शब्द काढून टाकायच्या याचिका फेटाळल्या. सध्या तरी नोंद कायम आहे.

‘बाबासाहेबांनी नाकारला’

मजकुरावर बाबासाहेबांचा फोटो होता, म्हणून हे नीट सांगतो. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी दुरुस्ती मांडली की पहिल्या कलमात भारताला ‘सेक्युलर, फेडरल, सोशलिस्ट’ संघराज्य म्हणावे. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही, हे खरे. पण त्यांची कारणे वाचली तर ती जवळजवळ सगळी ‘सोशलिस्ट’ या शब्दाबद्दल आहेत. समाजाची आर्थिक आणि सामाजिक घडी कशी असावी हे त्या त्या काळातल्या लोकांनी ठरवावे, घटनेत एकदाच कोरून त्यांचे हात बांधू नयेत, हे पहिले. आणि समाजवादी दिशेच्या गोष्टी मार्गदर्शक तत्त्वांत आधीच आहेत, तेव्हा दुरुस्ती अनावश्यक, हे दुसरे. धर्मनिरपेक्षतेच्या विरोधात त्या उत्तरात एक वाक्य नाही. ज्या माणसाच्या मसुद्यात कलम १५ पासून २८ पर्यंतचा ऐवज होता, त्याने धर्मनिरपेक्षता नाकारली म्हणणे म्हणजे गवंड्याने घर बांधले पण दारावर पाटी लावली नाही, म्हणून त्याला घर नको होते म्हणण्यासारखे आहे.

‘धर्मनिरपेक्ष म्हणजे निधर्मी’

मजकुरातली सगळ्यात जास्त चालणारी ओळ ही. आणि यात थोडा दोष आपल्या बाजूचाही आहे. जुन्या मराठी भाषणांत ‘निधर्मी राज्य’ असा शब्दप्रयोग सर्रास व्हायचा. तो ऐकून माणसाला वाटणारच की आपला देव्हारा कोणीतरी उचलायला येतोय. पण घटनेच्या मराठी पाठात ‘निधर्मी’ नाही, ‘धर्मनिरपेक्ष’ आहे. हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ आहे.

निरपेक्ष म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवायला नको. ‘त्याने निरपेक्ष मदत केली’ म्हणजे मदत केली नाही असे नव्हे. मदत केली, बदल्यात काही धरले नाही. तसेच इथे. राज्य तुझे काम करेल, पण ते करताना तुझ्या धर्माकडे बघणार नाही. विशेषण राज्याला लागले आहे, माणसाला नाही. धर्मनिरपेक्ष माणूस ही बोलायची पद्धत झाली. घटना माणसाला धर्मनिरपेक्ष व्हायला सांगतच नाही. उलट कलम २५ त्याला पोटभर धार्मिक व्हायची मुभा देते.

ग्रुप कानबाईचा आहे, तर तिचेच उदाहरण घेतो. रोट कोण खातो? भाऊबंद. शेजारचा कितीही जवळचा असो, त्याला श्रावणातले बाकी सगळे देऊ, रोट देत नाही. यात कोणाचा अपमान नाही, ती आमची रीत आहे, आणि कुठलाही तहसीलदार ‘रोट सगळ्यांना वाटा’ अशी नोटीस काढू शकत नाही. पण त्याच गल्लीतला ग्रामपंचायतीचा नळ रोट नाही. तिथे भाऊबंदकी सांगून हंडा पुढे सरकवता येत नाही. रोटाचा नियम नळाला लावला की गाव मोडते, नळाचा नियम रोटाला लावला की घर मोडते. मजकूर लिहिणाऱ्याला भीती दुसऱ्या गोष्टीची आहे, आणि तो करायला सांगतोय पहिली.

नोकरीतले सांगतो. रावेरकडे मे-जूनमध्ये वादळ येते आणि उभ्या केळीच्या बागा अर्ध्या तासात आडव्या होतात. दुसऱ्या दिवशी आम्ही बांधावर. गट नंबर, क्षेत्र, पीक, नुकसान किती टक्के. २०१५ पासून ३३ टक्के आणि त्यावर असेल तर मदत, आधी ५० लागायचे. आडवी झालेली केळी कोणाची हे लांबून ओळखू येत नाही. एका बांधाला पाटील, पलीकडे तडवी, त्याच्या पलीकडे पावरा. पंचनाम्यात मी भांडणे पाहिली, टक्के वाढवायला चहा पाजणारे पाहिले, पुढाऱ्याचे फोन घेतले. पण ‘याचा धर्म कोणता, मग टक्के ठरवू’ असे मला कोणी शिकवले नाही, आणि कोणी वरून सांगितलेही नाही. धर्मनिरपेक्षता म्हणून मी जी काही ओळखतो ती ही. भाषणातली नाही, बांधावरची.

तडवींचे नाव आले म्हणून आणखी एक. यावल, रावेर, चोपडा या पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी भिल्ल राहतात. धर्माने मुसलमान, जमातीने भिल्ल. अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांचे नाव आहे, कारण ती यादी धर्म विचारत नाही. बाहेरून बदलून आलेला एखादा साहेब नाव वाचून गोंधळायचा: नाव असे आणि जमात भिल्ल, हे कसे? आम्ही सांगायचो, साहेब, दाखला जमातीचा आहे.

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, जी मजकुरात नाही. अनुसूचित जातींच्या यादीला मात्र धर्माची अट आहे. १९५० च्या आदेशानुसार ती हिंदूंपुरती धरली, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आत घेतले. मुसलमान किंवा ख्रिस्ती झालेल्याला ती सवलत नाही. ती अट असावी की नसावी यावर मोठा वाद आहे, तो मी इथे काढत नाही. पण आपली धर्मनिरपेक्षता अगदी सोवळी आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. काही खिडक्यांवर धर्म अजून विचारला जातो, आणि तो सोयीनेच विचारला जातो.

‘कलम ३०-ए: गीतेला बंदी’

पुतण्याला मी एवढेच म्हणालो, घटनेत ३०-ए शोधून दाखव, मी तुला आंब्याची पेटी देतो.

असे कलमच नाही. ३० नंतर ३१ येते, आणि त्या जागी आता संपत्तीचे जुने रद्द झालेले कलम आहे. ३० च्या पोटात (१ए) असे एक उपकलम आहे खरे, १९७८ च्या ४४व्या दुरुस्तीने आलेले. त्यात काय आहे? अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थेची जागा सरकारने सक्तीने संपादन केली तर मोबदला असा ठरवा की त्यांचा हक्क मारला जाणार नाही. भूसंपादनाचा मोबदला! उभ्या हयातीत मी तेच काम केले. गीतेचा त्यात उल्लेख यायला जागाच नाही.

शाळेतल्या धर्मशिक्षणाचे कलम आहे २८. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत कोणतेही धर्मशिक्षण नाही. कोणतेही, म्हणजे गीताही नाही आणि कुराणही नाही. आसामने सरकारी पैशाचे मदरसे २०२० च्या कायद्याने साध्या शाळा केले, आणि गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो कायदा कायम ठेवला, तो याच कलमाच्या बळावर. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत धर्मशिक्षण चालत असेल तर मुलावर सक्ती नाही, पालकांची संमती लागते. धर्मांची माहिती देणे वेगळे. त्याला अडचण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले आहे.

आणि कलम ३० फक्त मुसलमानांचे, हाही भ्रमच. त्यात धार्मिक आणि भाषिक, दोन्ही अल्पसंख्याक आहेत, आणि अल्पसंख्य कोण हे राज्यागणिक ठरते. आपल्या ग्रुपवर सुरतेच्या उधना-लिंबायतचे किती नंबर आहेत ते मोजा. गुजरातेत ते मराठी भाषिक अल्पसंख्याक आहेत. उद्या त्यांनी मिळून मराठी शाळा काढली तर त्यांच्या पाठीशी उभे राहणारे कलम हेच, ज्याला या मजकुरात शिव्या आहेत.

गीतेचे म्हणाल तर खान्देशाला हे दुसऱ्या कोणी सांगायला नको. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. सरकार परक्याचे, जागा तुरुंगाची. ऐकायला बसले ते आपखुशीने. गीतेला सरकारी तासिका लागली नाही. विनोबा लागले.

‘देवळांचा पैसा घेतात, हजला देतात’

हज अनुदान होते, खरे आहे, आणि ते चूकच होते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करा म्हणून सांगितले, आणि सरकारने जानेवारी २०१८ मध्ये ते थांबवले. त्याला इतकी वर्षे झाली तरी मजकूर वर्तमानकाळातच चालू आहे.

उलट दिशेचे एक कलम बहुतेकांना ठाऊक नसते. कलम २९०-ए, १९५६ साली आलेले. केरळ राज्याच्या तिजोरीतून दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये त्रावणकोर देवस्वम निधीला आणि तमिळनाडूच्या तिजोरीतून १३ लाख ५० हजार तिथल्या देवस्वम निधीला द्यायचे, असे खुद्द घटनेत लिहिले आहे. हिंदू मंदिरांसाठी. संस्थानाने देवळांच्या जमिनी घेतल्या होत्या त्याची ती भरपाई होती, म्हणून मी तिला लाड म्हणणार नाही. पण एकाच बाजूचा हिशोब वाचून दाखवणाऱ्याला दुसरे पान दाखवावे लागते.

महाराष्ट्रातली बहुतेक देवळे सरकारच्या ताब्यात नाहीत, विश्वस्तांच्या ताब्यात आहेत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या व्याख्येत मंदिर, मठ, वक्फ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी सगळे एका ओळीत आहेत. (वक्फसाठी पुढे वेगळा कायदा झाला.) काही मोठ्या देवस्थानांना स्वतंत्र कायदे आहेत. पंढरपूरचा १९७३ चा. बडवे आणि उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरेचे हक्क त्याने काढले, आणि ते प्रकरण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायमचे मिटले. आमच्या अमळनेरहून सखाराम महाराजांची दिंडी पंढरीला जाते. वारीला गेलेल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या कायद्याने त्यांचा धर्म बुडाला की दर्शन सोपे झाले.

आणि त्याच विठ्ठलाच्या दारात १ ते १० मे १९४७, दहा दिवस, साने गुरुजी उपाशी बसले होते. ते १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. मागणी एकच: हरिजनांना आत घ्या. दार उघडले. पुढे घटनेने कलम २५ मध्येच लिहून ठेवले की सार्वजनिक हिंदू मंदिरे हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करणारा कायदा राज्य करू शकेल. राज्याने देवळात पाय का ठेवला, याचे उत्तर पुष्कळ अंशी या दहा दिवसांत आहे.

तरीही दक्षिणेतल्या, विशेषतः तमिळनाडूतल्या तक्रारीत मला तथ्य वाटते. तिथे सरकारी खाते देवळांचा रोजचा कारभार बघते, तो गरजेपेक्षा जास्त आहे. पण गंमत बघा. ‘सरकारने देवळातून बाहेर पडावे’ ही मागणी आहे कसली? धर्मनिरपेक्षतेचीच. ती मागणारा म्हणतोय की राज्य अजून पुरेसे निरपेक्ष झाले नाही. शब्द काढा असे म्हणणारा आणि शब्दाप्रमाणे वागा असे म्हणणारा, एकाच मजकुरात दोघेही आहेत.

शहाबानोचा उल्लेख मजकुरात नव्हता, मीच करतो. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका घटस्फोटित मुस्लिम म्हातारीला पोटगी दिली आणि १९८६ मध्ये सरकारने मौलवींच्या दबावाखाली कायदा करून तो निकाल बोथट केला. त्याच वर्षी अयोध्येचे कुलूपही उघडले. धर्मनिरपेक्षतेचे नाव घेत तिचा गळा असा दोन्ही बाजूंनी आवळला गेला. लोकांचा या शब्दावरचा विश्वास उडाला तो तेव्हापासून, आणि त्याबद्दल लोकांना दोष देता येत नाही.

‘परदेशी कल्पना, आपला समाज जात्याच सहिष्णू’

परदेशी म्हणून काढायचे ठरवले तर माझे खातेच बंद होईल. महसूल, तहसील, तालुका, कब्जा, वारस, नक्कल, दाखला, सगळे शब्द अरबी-फारसी वाटेने आलेले. आपल्या खान्देशाचेच घ्या. कोणी म्हणतो कान्हदेश, कोणी म्हणतो फारुकी खानांचा देश, वाद मिटत नाही आणि त्यावाचून कापूस पिकायचा थांबत नाही. ‘सेक्युलॅरिझम’ हा इंग्रजी शब्द १८५१ मध्ये होलिओक नावाच्या इंग्रजाने घडवला हे खरे. पण फ्रान्सने १९०५ साली केली तशी धर्म आणि राज्य यांची फारकत आपण केलीच नाही. आपले राज्य देवळाचे दार उघडायला जाते, फ्रान्सचे जाणार नाही. आणि दुसऱ्याच्या पंथाला नावे ठेवू नका, त्याने आपल्याच पंथाचे नुकसान होते, हे अशोकाने बाराव्या शिलालेखात लिहून ठेवले, तेव्हा इंग्रजी भाषा जन्मायची होती.

सहिष्णुतेचा मुद्दा मात्र मला खरोखर विचार करायला लावतो, कारण त्यात आपली बाजूही घसरते. कार्तिकी एकादशीला जळगावात रामाचा रथ निघतो. भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या दर्ग्यापाशी तो थांबतो, चादर चढते, पलीकडून फुले पडतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो आणि आमच्यासारखे लोक म्हणतात, ही बघा धर्मनिरपेक्षता. चुकते आपले. तो सलोखा आहे. फार मोलाचा, पिढ्यांनी सांभाळलेला, पण सलोखा. तो राहतो माणसांच्या मनावर. मने बिघडली तर तो एका दुपारीत जातो. धुळ्याने २००८ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१३ मध्ये ते पाहिले. दोन्ही वेळा शहर तेच होते, तीच माणसे, तेच शेजारी.

समाज सहिष्णू आहे, मग नियम कशाला, असे मजकूर विचारतो. नियम त्या दुपारसाठी आहे. घरे जळतात तेव्हा पोलिसाने, तलाठ्याने, दवाखान्यातल्या डॉक्टरने समोरच्याचे नाव ऐकून हात आखडता घेऊ नये, यासाठी तो लिहून ठेवला. सलोखा असतो तेव्हा त्याची आठवण कोणाला येत नाही.

एवढे सगळे मी ग्रुपवर तुकड्या-तुकड्यांनी लिहिले. लिहिता लिहिता एक गोष्ट आठवली, तीही टाकली. आमच्या कार्यालयात दरवर्षी सत्यनारायण व्हायचा. वर्गणी ऐच्छिक. फक्त कोणी किती दिली याची यादी साहेबांच्या दाराशेजारी लागायची, आणि ती यादी बरीच वर्षे माझ्या अक्षरात असे. आमच्याकडे एक तडवी शिपाई होता. पूजेला केळीचे खांब तोच आणायचा, पन्नास रुपयेही द्यायचा, आणि आरती सुरू झाली की बाहेर गाड्यांकडे बघत उभा राहायचा. मी त्याला कधी विचारले नाही की तुला द्यायचे आहेत का. त्यालाही कधी म्हणावेसे वाटले नसेल, आणि म्हटले असते तरी कोणाला, यादी लिहिणाऱ्याला?

पुतण्याचा फोन त्या रात्री आला. आंब्याच्या पेटीबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, "आबा, मन्हा केंद्रमा खिडकीवर देवना फोटो शे. येणारासले चालत नसी का? काढी टाकू?"

दुकान त्याचे, भाडे तो भरतो. पण खिडकी सरकारच्या कामाची. मला लगेच उत्तर सुचले नाही. म्हटले, फोटो राहू दे सध्या, विचार करून सांगतो. आणि गहू शुक्रवारपर्यंत दळून ठेव.